संगणकाच्या पोटातली तारीख

संगणकांच्या आणि फोनच्या घड्याळांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे : ऑपरेटिंग सिस्टिम सहसा तारीख साठवत नाही. ठरलेल्या एका क्षणापासून किती काळ लोटला याचा आकडा ती साठवते आणि तारीख त्या आकड्यावरून दर वेळी नव्याने काढते.

प्रश्न : घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन बऱ्याच काळाने चार्ज करून सुरू केला, तेव्हा त्याने १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच अशी वेळ दाखवली. न्यू जर्सीतील भाच्याच्या फोनने मात्र असेच झाल्यावर ३१ डिसेंबर १९६९ दाखवला. १९७० साली असे फोनच नव्हते, मग ही तारीख कोठून आली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या फोनच्या घड्याळातला आकडा पुसला गेला आणि शून्य उरले, तुम्ही पाहिलेली ती त्या शून्याची तारीख आहे. अँड्रॉइड लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे आहे आणि लिनक्सने काळ मोजण्याची रीत युनिक्स या तिच्याहून जुन्या सिस्टिमकडून घेतली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जात होती आणि आरंभ १ जानेवारी १९७१ हा होता. साठावा भाग निवडण्याचे कारण असे, की अमेरिकेतील वीजपुरवठा सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो आणि त्या काळच्या यंत्रांची घड्याळे त्यावरच चालत. परंतु ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ घरांच्या, जागेत एवढ्या वेगाने वाढणारा आकडा जेमतेम सव्वादोन वर्षे पुरतो. म्हणून पुढे एकक पूर्ण सेकंदाचे केले गेले आणि आरंभ १ जानेवारी १९७०, जागतिक समन्वित वेळेनुसार रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे, येथे स्थिरावला. त्या दिवशी आकाशात किंवा इतिहासात विशेष काही घडलेले नव्हते. हिशेबाला सोयीचे, जवळचे आणि गोल वर्ष एवढेच त्याचे महत्त्व.

हा आकडा जगभर एकच असतो. स्थानिक वेळ ही त्यावर शेवटच्या पायरीला चढवलेली बेरीज किंवा वजाबाकी आहे. भारतात साडेपाच तास मिळवल्यामुळे शून्याचे पहाटेचे साडेपाच होतात, तर न्यू जर्सीत पाच तास वजा झाल्यामुळे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजतात. गंमत अशी, की लंडनची वेळ लावलेला संगणक या शून्याला रात्रीचा एक दाखवतो, कारण १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळे एक तास पुढे ठेवण्याचा प्रयोग केला होता आणि ऑपरेटिंग सिस्टिमजवळच्या कोष्टकात त्याची नोंद आहे.

आपल्याकडील ज्योतिषगणिताला ही पद्धत नवी वाटू नये. ग्रहांची स्थाने काढण्यापूर्वी करणग्रंथांत आधी अहर्गण काढतात, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून किती दिवस लोटले ते मोजतात, आणि पुढचे सारे गणित त्या एका आकड्यावर चालते. युनिक्सने दिवसांच्या जागी सेकंद घेतले, इतकेच. तिने एक सूटही घेतली आहे. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून जागतिक वेळेत २७ वेळा एकेक अधिक सेकंद घातला गेला, परंतु युनिक्सची मोजणी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरते. त्यामुळे तो आकडा काटेकोरपणे पाहिल्यास ‘लोटलेल्या सेकंदांचा’ राहत नाही, परंतु त्यावरून तारीख काढणे अतिशय सोपे होते. माझ्या मते हा सौदा शहाणपणाचा होता.

तुमच्या फोनला नेटवर्क मिळाले, की तो वेळ आपोआप सुधारून घेईल. तोवर बहुतेक संकेतस्थळे उघडणार नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत फोनच्या दृष्टीने अजून सुरूच झालेली नसते.

प्रश्न : माझा जन्म १ मे १९६० चा, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवसाचा. मोजणी १९७० पासून सुरू होत असेल तर माझी जन्मतारीख संगणक कशी ठेवतो?
— एक निवृत्त शिक्षिका, अमरावती

उत्तर : उणे आकड्यात. भारतीय प्रमाणवेळेनुसार १ मे १९६० च्या मध्यरात्रीसाठी युनिक्सचा आकडा उणे ३०,५१,८४,६०० असा येतो. मात्र जन्मतारखेला क्षण मानणेच मुळात योग्य नाही. मध्यरात्रीचा क्षण म्हणून ती साठवली आणि पश्चिमेकडील एखाद्या देशातील संगणकावर उघडली, तर ती ३० एप्रिल दिसू लागते. म्हणून चांगले डेटाबेस जन्मतारखेसाठी वर्ष, महिना आणि दिवस एवढेच ठेवणारा वेगळा प्रकार वापरतात. वय एका दिवसाने चुकलेले दिसले, तर बहुधा कोणीतरी तारखेला क्षणाच्या साच्यात बसवलेले असते.

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या जन्माची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे आणि जेधे शकावलीत त्या दिवशी शुक्रवार असल्याची नोंद आहे. मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने मात्र मंगळवार दाखवला. चूक शकावलीची की संगणकाची?
— इतिहासाचे एक अभ्यासक, सातारा

उत्तर : दोघांचीही नाही. शकावलीत इंग्रजी तारीख नाहीच. तेथे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. तिचे रूपांतर करताना इतिहासकारांनी ज्यूलियन पंचांग वापरले. मराठेशाहीच्या अभ्यासात सतराव्या शतकातील तारखा जुन्या पद्धतीने देण्याचा प्रघात आहे, कारण सुरतकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात तेच पंचांग होते आणि इंग्लंडने ते १७५२ पर्यंत सोडले नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा मात्र आजचे ग्रेगोरियन पंचांग कितीही मागे ताणतात. ते १५८२ मध्ये सुरू झाले याची त्या फिकीर करत नाहीत. सतराव्या शतकात दोन्ही पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे ज्यूलियन १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. तुमच्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच, दहा दिवस आधीच्या दिवसाचा वार अचूक सांगितला.

एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘कॅल’ ही जुनी आज्ञा देऊन फेब्रुवारी १६३० चे पान मागवा. इंग्लंडने १७५२ च्या सप्टेंबरमध्ये पंचांग बदलले हे त्या आज्ञेला ठाऊक असल्यामुळे त्यापूर्वीचे महिने ती ज्यूलियन पद्धतीने मांडते, आणि १९ तारीख शुक्रवारखाली दिसते. सप्टेंबर १७५२ चे पान मागवल्यास २ तारखेनंतर थेट १४ येते. एकाच संगणकावर, एकाच तारखेला, दोन भिन्न वार मिळतात आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. म्हणून मराठेशाहीच्या तारखांची यादी करताना तारीख कोणत्या पंचांगाची आहे हे सांगणारा एक रकाना ठेवावा आणि शक्य तेथे मूळ तिथी व वार जसेच्या तसे नोंदवावेत.

ही यादी एक्सेलमध्ये करत असाल तर आणखी एक अडचण आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक देते आणि त्यापूर्वीच्या तारखांना तारीख मानतच नाही. त्या साध्या मजकुरासारख्या पडून राहतात. शिवाय एक्सेलच्या लेखी २९ फेब्रुवारी १९०० हा अस्तित्वात नसलेला दिवसही आहे. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात नसेल तर ते लीप वर्ष नसते, हा नियम लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅमने पाळला नव्हता, आणि त्याच्या फाइलींशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलने तो दोष जाणूनबुजून स्वीकारला. विंडोजच्या कर्त्यांनी मात्र याच नियमाचा चांगला उपयोग केला. विंडोज एनटीपासून विंडोज १ जानेवारी १६०१ पासूनचा काळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजते, कारण १६०१ ते २००० हे ग्रेगोरियन पंचांगाचे ४०० वर्षांचे एक पूर्ण आवर्तन आहे. त्यात १,४६,०९७ दिवस असतात आणि तेवढ्यात पूर्ण आठवडे बसतात.

प्रश्न : २०३८ साली जगातील संगणक बंद पडतील, असे संदेश फिरत आहेत. २००० सालीही असाच गाजावाजा झाला आणि काही झाले नाही. हे कितपत मनावर घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : २००० साली फारसे काही घडले नाही, कारण त्याआधीची काही वर्षे असंख्य प्रोग्रॅमरांनी, ज्यांत भारतीयही मोठ्या संख्येने होते, दोन अंकी वर्षे शोधून बदलली होती. दुरुस्ती नीट झाली म्हणून दोष काल्पनिक होता, असा निष्कर्ष काढू नये.

२०३८ चा प्रश्न जागेचा आहे. युनिक्सचा आकडा अनेक वर्षे ३२ बिटांत ठेवला जात असे आणि त्यातील एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी लागत असल्यामुळे त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ हा आहे. तो १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठला जाईल. पुढच्याच सेकंदाला चिन्हाचा बिट उलटतो, आकडा मोठ्या उणे संख्येत जातो आणि जागतिक वेळेनुसार तारीख १३ डिसेंबर १९०१ होते. ६४ बिटांची जागा दिली की हाच आकडा सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरतो, म्हणजे उपाय सोपा दिसतो, आणि आजच्या ६४ बिटी संगणकांत व फोनमध्ये तो केव्हाच झालेला आहे. ३२ बिटी यंत्रांसाठी लिनक्सच्या गाभ्यातील बदल २०२० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीत पूर्णत्वास गेले.

खरी काळजी उरते ती भिंतीत, यंत्रात किंवा गाडीत बसवलेल्या आणि कोणी कधी अद्ययावत न करणाऱ्या लहान संगणकांची, तसेच फाइलींच्या आणि डेटाबेसच्या जुन्या साच्यांची. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी डिस्कवरच्या नोंदीत चार बाइटांचीच, म्हणजे ३२ बिटांचीच, जागा असेल, तर मोठा आकडा तेथे मावणार नाही. आणखी एक गोष्ट संदेश फिरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही : हा दोष दिसायला २०३८ उजाडावे लागत नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख २०१८ पासूनच त्या सीमेपलीकडे जाऊ लागली आहे. भविष्यातील तारखांशी ज्यांचा रोजचा संबंध असतो त्या विमा, कर्ज आणि निवृत्तिवेतनाच्या प्रणालींना हा दोष आधी भेटतो, त्यामुळे तो तेथे आधी दुरुस्तही होतो.

मोठा आकडा आवरण्याचा आणखी एक मार्ग आहे : ठरावीक काळाने पुन्हा शून्यापासून मोजायचे आणि कितवे आवर्तन चालू आहे ते वेगळे ठेवायचे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’त हेच केले. अहर्गण वाढत जाऊन गुणाकार-भागाकार अवघड होऊ नयेत म्हणून त्यांनी ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे, चक्र धरले. त्यामुळे अहर्गण कधीच त्यापुढे जात नाही. जीपीएसचे उपग्रहही आठवड्यांचा क्रमांक १० बिटांत सांगतात आणि १०२४ आठवडे झाले की तो शून्यावर येतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तसे घडले. तथापि पंचांगकर्ता चक्राचा आकडा विसरत नाही, पण जीपीएसचे जुने रिसीव्हर ते कितवे आवर्तन आहे याचा अंदाजच करतात, आणि तो चुकला की तारीख जवळजवळ वीस वर्षांनी मागे पडते.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स वापरून नंतर विंडोज सुरू केले, की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे गेलेले असते. बॅटरी बदलावी का?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बॅटरी ठीक आहे. ती संपली असती तर घड्याळ अनियमित मागे पडले असते, नेमके साडेपाच तास नव्हे. लॅपटॉप बंद असताना मदरबोर्डवरील छोटे घड्याळ वेळ राखते, परंतु ती वेळ कोणत्या ठिकाणची आहे हे त्यात कोठेही लिहिलेले नसते. डॉसच्या काळापासून विंडोज त्यात स्थानिक वेळ असल्याचे मानते, तर लिनक्स जागतिक वेळ असल्याचे मानते. लिनक्सने दुपारच्या तीन वाजता तेथे साडेनऊ लिहिले आणि विंडोजने ते भारतीय साडेनऊ समजून दाखवले. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवा. विंडोजच्या रजिस्ट्रीत तशी नोंद करता येते आणि लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला सांगता येते. मी विंडोजला बदलण्याचा सल्ला देईन, कारण उन्हाळ्यात घड्याळे सरकवणाऱ्या देशात हा लॅपटॉप कधी नेलात, तर स्थानिक वेळ धरणारे घड्याळ नवा गोंधळ घालते.

प्रश्न : दुबईहून आलेल्या मुलीने तिची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर आणि हार्ड डिस्कवर अशी दोन्हीकडे आणली. आमच्या संगणकावर त्याच फाइलची वेळ पेन ड्राइव्हवर दुपारी ३ आणि हार्ड डिस्कवर साडेचार दिसते. शिवाय पेन ड्राइव्हवर सेकंदांचा आकडा नेहमी समच असतो. असे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे निरीक्षण सूक्ष्म आहे आणि दोन्ही गोष्टींचे कारण एकच, चाळीस वर्षांहून जुने आहे. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, आणि फॅट हा सुरुवातीला सांगितलेल्या नियमाचा अपवाद आहे. मोजणीऐवजी तो खरोखरच तारीख लिहितो : वर्षासाठी ७ बिट, महिन्यासाठी ४, दिवसासाठी ५; नंतर तासासाठी ५ आणि मिनिटांसाठी ६. सोळा बिटांच्या दोन जागांपैकी दुसरीत सेकंदांसाठी ५ बिटच उरतात. त्यांत बत्तीसच निरनिराळे आकडे मावत असल्यामुळे साठ सेकंद बसत नाहीत, म्हणून फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. वर्षे १९८० पासून मोजली जात असल्यामुळे ही पद्धत २१०७ पर्यंत चालेल.

या नोंदीत वेळ कोणत्या देशाची हे सांगायला जागा नाही. मुलीने दुबईच्या दुपारी ३ वाजता फाइल जतन केली, तेव्हा पेन ड्राइव्हवर ‘३’ एवढेच लिहिले गेले आणि तुमच्या संगणकाने ते जसेच्या तसे दाखवले. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची असणार. तिच्यावर जागतिक वेळेतील मोजणी असते, म्हणून तिने भारतीय साडेचार दाखवले आणि तेच खरे. एक्सफॅट या नव्या पद्धतीत वेळेसोबत जागतिक वेळेपासूनचे अंतर पाव तासांत लिहिण्याची सोय आहे. भारतासाठी ते २२ होते. कागदपत्रांच्या वेळेला कायदेशीर महत्त्व असेल तर फॅट ३२ वरील वेळेवर विसंबू नये.

प्रश्न : वडिलांचा जन्म १९४४ साली पुण्यात सकाळी दहाला झाला. पत्रिका करणारे एक सॉफ्टवेअर एक लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) दाखवते, दुसरे वेगळेच. दोघांत भारतीय वेळच निवडली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पत्रिकेच्या फलिताविषयी हे सदर काही सांगणार नाही, घड्याळाविषयी सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे होती, म्हणजे प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेसहा तास पुढे होती. लिनक्स, अँड्रॉइड आणि अनेक प्रोग्रॅमिंग भाषा ज्या जागतिक कोष्टकावर चालतात, त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीखाली हा इतिहास आहे. विंडोजच्या स्वतःच्या नोंदींत इतके जुने तपशील नसतात. त्यामुळे एका सॉफ्टवेअरने तुमच्या दहाचे आजच्या मानाने नऊ केले असणार आणि दुसऱ्याने दहाच ठेवले असणार. लग्न साधारण दोन तासांत बदलत असल्यामुळे एका तासाचा फरक पुरेसा आहे. रुग्णालयाच्या घड्याळातील युद्धकालीन वेळ नोंदली असेल, तर पहिले बरोबर.

मुंबईत जन्मलेल्यांच्या बाबतीत हे कोष्टकही अपुरे पडते. तेथे १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ ही आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळही चालू होती, पण सबंध भारतासाठी कोष्टकात एकच नोंद असल्याने ती त्यात सापडत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये जागतिक वेळेपासूनचे अंतर हाताने ४ तास ५१ मिनिटे असे भरावे. घरातील घड्याळ कोणत्या वेळेवर लावलेले होते, हे मात्र कुटुंबातील जाणत्या माणसांनाच विचारावे लागेल.